मुंबई कोणी घडवली, हे आठवीच्या वर्गात कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे का ते कळेल. तुम्ही मुंबईच्या उपनगरातल्या मराठी शाळेत आठवीला इतिहास शिकवता. शाळेने ‘आपलं शहर घडवणारे समाज’ असा उपक्रम ठरवलाय. हातात सहा तासिका आहेत आणि बसचा खर्च मिळणार नाही. गेल्या वर्षी मुलांनी कोळी, पारशी, गुजराती पोशाख करून स्टॉल मांडले, धानसाक आणि ढोकळा झाला, फोटो झकास आले. पण सोलापूरकडच्या आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली मुलं ‘बाई, आमचा स्टॉल कुठे?’ असं विचारत राहिली. यंदा काय करावं, असं तुम्ही विचारताय.

दोन-चार स्टॉल वाढवून हे सुटणार नाही, कारण अडचण स्टॉलच्या संख्येची नाहीच. आपण ‘समाज’ हाच धड्याचा घटक धरतो, तिथे गाडी अडते. तो घटक धरला की प्रत्येक समाजाला एक खाना मिळतो आणि त्या खान्यात एक पोशाख, एक पदार्थ, एक थोर पुरुष. मुलांच्या डोक्यात चित्र तयार होतं की हे सगळे लोक एकेक करून मुंबईत आले, आपापलं योगदान दिलं आणि बाजूला झाले. ते एकमेकांना भेटले कधी, एकमेकांकडे चाकरी कोणी केली, भाडं कोणी घेतलं, भांडणं कशावरून झाली, यातलं काहीच त्या चित्रात नसतं. शहर तर त्याच भानगडींतून घडलेलं असतं.

म्हणून मी माध्यमिकच्या वर्गांवर एवढी वर्षं इतिहास शिकवताना घटक बदलून घेतला. समाजाऐवजी एखादा प्रसंग किंवा एखादं काम घ्यायचं आणि त्यात कोण कुठे उभं होतं, हे मुलांना शोधू द्यायचं. समाज आपोआप येतात, आणि माणसांसारखे येतात.

कुठला प्रसंग घ्यायचा हे मात्र तुमची शाळा कुठे आहे, वर्गात कोण आहे आणि मुख्याध्यापक किती पाठीशी उभे राहतात, यावर अवलंबून आहे. शाळा वरळी-वर्सोव्याकडे असेल तर कोळीवाडा आणि मासळीचा धंदा हाताशी आहे. लालबाग-परळकडे असाल तर गिरणी. सोलापूरच्या शिक्षकाने हाच प्रश्न विचारला असता, तर मी त्यांना तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांपासून सुरुवात करा म्हटलं असतं. तुमच्या सहा तासिका आणि बस नाही हे धरून मी १८९६ चा प्लेग सुचवते. तो सगळ्या शहरात पसरला, त्याने शहराचा नकाशा बदलला, आणि तुमच्या मुलांना २०२० चं टाळेबंदीचं वर्ष थोडंफार आठवतं, त्यामुळे फार समजावून सांगावं लागत नाही.

प्लेगकडे वळण्याआधी अर्धी तासिका दगडावरची नावं वाचायला द्या. माहीमचा कॉजवे १८४५ साली खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. त्याच वर्षी जे. जे. रुग्णालय सुरू झालं, तेही त्यांचे पती जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. मुलांना एवढंच विचारा: ही नावं आपल्याला कशी कळली? उत्तर येतं, ‘पाटीवर आहेत.’ मग विचारा, खाडीत भराव घालणाऱ्यांची, दगड फोडणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? वर्ग गप्प होतो. हा प्रश्न पुढच्या सगळ्या तासिकांत उपयोगी पडतो, कारण शहराच्या इतिहासात पैसे देणारा दिसतो आणि घाम गाळणारा दिसत नाही. त्या काळी मुंबईच्या बांधकामांवर तेलुगू बोलणारे कामाठी मोठ्या संख्येने होते. त्यांच्यातल्याच काही ठेकेदारांनी पुढे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाला मुंबईत बळ दिलं. कामाठीपुरा म्हटलं की आज लोकांना भलतंच आठवतं, पण ही बाजू मुलांना सांगायला हवी.

इथे शिक्षक हमखास अडखळतात. जीजीभॉय यांची संपत्ती चीनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आली. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याचंही तसंच. हे तेरा वर्षांच्या मुलांना सांगायचं का? माझ्या मते सांगायचं, सरळ, एका वाक्यात, आवाज न चढवता. त्याच पैशातून रुग्णालय झालं हेही त्याच दमात सांगायचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे या वयाच्या मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं कळतं. अडखळतो आपण.

आता प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत काही रुग्ण आढळले आणि हा गाठीचा प्लेग आहे हे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. ते मूळचे गोव्याचे. पहिल्या तासिकेला फळ्यावर मांडवीचा कच्चा नकाशा काढा: एका बाजूला बंदर, मागे धान्याची गोदामं, वर दाटीने राहणारी माणसं. गोदामं कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची, पाठीवर गोणी वाहणारे हमाल घाटावरचे आणि कोकणातले, आणि धान्य तिथे उंदीर. मुलं स्वतःच सांगतात की रोग इथेच का सुरू झाला असेल.

मग चिठ्ठ्या काढा. एकेका चिठ्ठीवर एकेक माणूस: धान्याचा व्यापारी, गोदामातला हमाल, रत्नागिरीकडचा गिरणी कामगार, मदनपुऱ्यातला विणकर ज्याचा माग राहत्या खोलीतच आहे, धोबीतलावच्या कुडात उतरलेला गोव्याचा खलाशी, दवाखान्यातली नर्स. ‘कूड’ म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेली सामाईक उतरण्याची जागा, हे सांगावं लागेल. प्रश्न एकच: बातमी कळली, तुम्ही काय कराल? जो तो आधी ‘गावाला पळून जाईन’ म्हणतो. मग हळूच विचारायचं, गाव किती लांब? तिकिटाला पैसे? माग बरोबर नेणार का? तिथे खाणार काय? दहा मिनिटांत वर्गाला कळतं की पळून जाणं सगळ्यांना सारखं शक्य नव्हतं. कोकणातल्या कामगाराला गावाकडे घर होतं. उत्तरेतून आलेल्या विणकराचं घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही त्या एका खोलीत होतं. फळ्यावर दोन आकडे लिहा: १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४, आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली. का, ते आता मुलं सांगतील.

चिठ्ठ्यांबाबत माझा एक हट्ट आहे. त्या डोळे मिटून काढायला लावा. विणकराची चिठ्ठी अन्सारीच्या मुलाला आणि व्यापाऱ्याची शहांच्या मुलीला, असं वाटप चुकूनही करू नका. वर्गातल्या मुलाला त्याच्या समाजाचा वकील बनवलं की तो शिकायचा थांबतो आणि बचाव करायला लागतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या स्टॉलांतही थोडंफार हेच झालं असणार.

दुसरी तासिका लशीची. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. (‘तयार झालेले’ म्हणजे काय, तुरुंगातल्या माणसाला नाही म्हणता येतं का, हा प्रश्न एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच. विचारू द्या.) लोक लशीला घाबरत होते. खोजा मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगाखान तेव्हा विशीत होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांच्या खोजा अनुयायांनी मोठ्या संख्येने ती घेतली. इथे थांबून विचारा: सरकारी डॉक्टरचं ऐकलं नाही, पण आगाखानांचं ऐकलं, असं का झालं असेल? विश्वास कोणावर आणि का बसतो, हा शहराच्या इतिहासातला मोठा विषय आहे आणि पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही.

तिसरी तासिका अवघड आणि सगळ्यांत मोलाची. प्लेगच्या वेळी सरकारी पथकं घरात शिरून झडती घेत, रुग्णाला उचलून नेत, सामान जाळत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात, एका जुलाहा विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली. हे दोन्ही प्रसंग एकत्र शिकवा, एक सोडून दुसरा नको. नुसतं मदनपुऱ्याचं सांगितलंत तर मुलं घरून आणलेला निष्कर्ष त्यावर चिकटवतील. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं, गिरणीतला हिंदू कामगार आणि मागावरचा मुसलमान विणकर एकाच गोष्टीला भीत होते: आपलं माणूस नेतील आणि ते परत येणार नाही. ‘अडाणी लोकांनी विरोध केला’ हे वाक्य वर्गात आलं की मी ते फळ्यावर लिहून ठेवते आणि तास संपताना पुन्हा वाचायला लावते. बहुतेक वेळा कोणीतरी उठून ‘अडाणी’ शब्द पुसतो. पुढे समाजांना आपापली प्लेगची रुग्णालयं चालवू दिली गेली आणि ताण कमी व्हायला त्याची मदत झाली. पारशांचं, जैनांचं, खोजांचं, अशी रुग्णालयं निघाली. शहरात वेगवेगळे समाज शेजारी राहत होते पण आजारपणात कोणाच्या हातचं पाणी प्यायचं हे ठरलेलं होतं, ही गोष्टही लपवू नका.

चौथ्या तासिकेला विचारा, प्लेग गेल्यावर काय उरलं? १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालं. दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. माटुंग्यात दक्षिणेकडून आलेली मंडळी का दिसतात, दादरला पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी शेजारी का आहेत, याचा धागा इथे येऊन मिळतो. सुरुवातीच्या काळात जितकी घरं पाडली तितकी नवी झाली नाहीत, म्हणजे गरिबाला आणखी लांब किंवा आणखी दाटीत जावं लागलं. याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांना लोक आजही बीआयटी चाळी म्हणतात, आणि परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दीर्घकाळ राहिले. चाळीच्या नावातला ‘आयटी’ हा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे कळल्यावर एका मुलीने मला म्हटलं, ‘म्हणजे बाबासाहेबांची खोली प्लेगमुळे होती?’ एवढं थेट मी कधी मांडलं नव्हतं, पण धागा तिने बरोबर पकडला होता.

इथवर चार तासिका झाल्या. पाचवी मुलांच्या घरांची.

घरून मुलाखत आणायला सांगा, पण ‘तुमचा समाज कोणता, परंपरा काय’ असं विचारू नका. त्या प्रश्नाने काही मुलांची मान खाली जाते आणि काहींची उगाच ताठ होते. कामाबद्दल विचारा. आपल्या घरातलं पहिलं माणूस मुंबईत आलं तेव्हा काय काम करत होतं? ते कोणी लावून दिलं? रात्री झोपायचं कुठे? जेवण कुठे? आजी-आजोबा जवळ नसतील किंवा घरी विचारण्यासारखी परिस्थिती नसेल, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, रिक्षावाले काका, शाळेतल्या मावशी, कोणीही चालेल. ही सवलत सगळ्या वर्गाला द्या, म्हणजे ज्याला हवी आहे त्याला ती मागावी लागत नाही.

एका वर्षी एक मुलगा आजोबांचा गिरणीतला बिल्ला घेऊन आला. पितळी, रुपयापेक्षा मोठा, वर टांगायला भोक, गिरणीच्या नावाची अर्धी अक्षरं झिजलेली आणि मधे ठसठशीत नंबर. तो हातोहात फिरला. ‘नाव नाही, नुसता नंबर?’ असं कोणीतरी म्हणालं आणि तिथून गिरणीत कोण कुठल्या खात्यात होतं यावर बोलणं गेलं. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं: साळखात्यात, म्हणजे विणाईत, पगार जास्त मिळायचा, पण दलित कामगारांना तिथे घेत नसत. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि ‘त्यांचं तोंड लागलेलं’ सूत सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ‘गिरणगावात सगळे एकोप्याने राहत’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याच्या शेजारी ही कांडी ठेवायला हवी. आणि त्याच गिरण्यांतून नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज मुलं रविवारी घरी असतात, त्यात त्या लढ्याचाही वाटा आहे.

मुलाखतींत बायकांची कामं आली नाहीत तर मुद्दाम विचारा. घरात दहा-पंधरा कामगारांचे डबे रांधणाऱ्या खाणावळवाल्या बायकांशिवाय गिरणगाव चाललंच नसतं, आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणेपर्यंत त्या कोणाच्या हिशेबात नव्हत्या.

सहाव्या तासिकेला प्रदर्शनाऐवजी फलक लिहून घ्या. शहरातली एखादी जुनी पाटी निवडायची आणि तिच्या खाली लावण्यासाठी साठ शब्दांचा दुसरा फलक तयार करायचा. जुन्या पाटीत जे नाही ते त्यात यायला हवं, आणि प्रत्येक विधान कुठून मिळालं हे मागच्या बाजूला लिहायचं. आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ आहे, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचं केलं असं कोणी म्हणू शकणार नाही. गुण देताना भाषेला कमी आणि ‘हे तुला कसं कळलं?’ याच्या उत्तराला जास्त द्या. आजीने सांगितलं, हेही साधन आहे. पण आजीचं साल आणि छापील साल जुळत नसेल, तर दोन्ही लिहायची सवय लावा.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की एखादा पालक ‘मग मुंबई नक्की कोणाची?’ म्हणून आला तर काय सांगायचं. मुलंही विचारतात. मी टाळत नाही. कोळी इथले सर्वांत जुने रहिवासी, इंग्रज-पोर्तुगीज येण्याआधीपासूनचे, आणि त्यांचे कोळीवाडे आजही आहेत, हे स्पष्ट सांगते. मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोकांनी प्राण दिले, हुतात्मा चौक त्यांचा आहे, हेही सांगते. आणि एक मत माझं स्वतःचं: ‘बहुरंगी मुंबई’च्या गुळगुळीत कागदावरच्या पुस्तकांत पारशी शेटजींना तोंडावळा असतो आणि कोकणातून आलेला कामगार नुसता गर्दी म्हणून दिसतो. त्यामुळे पालकांची चीड अगदीच बिनबुडाची नसते. त्यांच्या आजोबांना धड्यात नाव-गाव-काम मिळालं की बरेचसे पालक निवळतात. उरलेल्यांशी वाद घालू नका. मुलाचा फलक दाखवा.

बस नाही म्हणालात, पण लोकलचं तिकीट परवडत असेल तर भायखळा एका सकाळी पायी होतं. स्टेशनातून उतरून उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभा ‘खडा पारशी’ पाहा. कर्सेटजी माणेकजींचा हा पुतळा त्यांच्या मुलाने उभारला. तिथून पुढे १८६४ मध्ये ससून यांनी बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे. त्याच्या आवारातल्या ज्यूंच्या शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत, आणि यावर तुमच्या मुलांना काही समजावून सांगावं लागणार नाही, दारातून सुटणारी शाळा दिसली की पुरे. जवळच जे. जे., आणि स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. सिनेगॉगची परवानगी आधी घ्या, शिक्षकांचं ओळखपत्र बरोबर ठेवा, मुलांना डोक्यावर बांधायला रुमाल आणायला सांगा. शनिवार टाळा, तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. बुधवारही नको, संग्रहालय बंद असतं, आणि इतर दिवशीही ते उघडं आहे ना याची फोनवर खात्री करून मगच तारीख ठरवा.